गाडी डावीकडे ओढते

मूर्तिजापूर फाट्याच्या अलीकडे रस्ता अर्धा किलोमीटर अगदी सरळ आहे. सरळ रस्त्यावर गाडी सरळ जावी, एवढीच माझी अपेक्षा होती. काही फार मागत नव्हते. पण डिसेंबरातल्या त्या मंगळवारी धुक्यातून कापसाचा ट्रॅक्टर एकदम समोर उगवला, मी ब्रेकवर पाय दिला आणि गाडी डावीकडे निघाली. घसरली नाही. ओढली गेली. शेजारच्या सीटवरच्या माणसानं हात पुढे करून स्टिअरिंग स्वतःकडे ओढावं, तशी. शेजारच्या सीटवर माझी पर्स होती, दुसरं कोणी नव्हतं.

मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग उजवीकडे दाबून धरलं आणि गाडी कडेच्या बाभळीपासून हातभर अंतरावर थांबली. ट्रॅक्टरवाला मागे वळूनही न पाहता गेला. त्याला मी ज्या शिव्या घातल्या, त्या माझ्या पेशंटांनी ऐकल्या असत्या तर पुन्हा डोळे दाखवायला कोणी आलं नसतं. शिव्या संपल्या तेव्हा वास आला. जळक्या तेलाचा आणि शेंदराचा. जुन्या मारुतीच्या देवळात आत वाकलं की येतो, तोच. दोन्ही बाजूंना तूर उभी होती आणि वर धुकं. देऊळ कुठेच नव्हतं, आणि गाडीच्या काचा बंद होत्या.

मी देवाधर्माची बाई नाही. डोळ्यांची डॉक्टर आहे. अमरावतीत घराखालीच दवाखाना आहे, आणि दर मंगळवारी-शुक्रवारी अकोल्याला ऑपरेशनं करायला जाते. तरी त्या सकाळी मी घाबरले, हे कबूल करते. भीती मरणाची नव्हती, बाबांची होती. घरात आम्ही दोघंच. मी लग्न केलं नाही, आई केव्हाच गेली, धाकटा भाऊ गेला, आणि आज वार कोणता, आपण कुठे, हे बाबांना दोन वर्षांपासून कळेनासं झालं होतं. मला काही झालं तर संध्याकाळी त्यांना जेवू कोण घालणार? बाभळीजवळ हा एकच प्रश्न डोक्यात होता, आणि पुढचे दोन महिने तो तिथेच ठाण मांडून बसला.

गाडी महागातली, परदेशी बनावटीची. पन्नाशीला मी स्वतःलाच दिलेलं बक्षीस. नातेवाइकांनी नाकं मुरडली. "एकट्या बाईले इतकी मोठी गाडी कायले पायजे?" मी म्हटलं, "काहून? एकट्या बाईच्या गाडीले दोनच चाकं लावतात का?" गाडी काळी, चाकंही काळी. चाकांच्या बारीक काळ्या दांड्यांमधून आतली लोखंडी थाळी मात्र आरशासारखी चमकते. तिला डिस्क म्हणतात. ब्रेक दाबला की दोन पॅड त्या थाळीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात आणि चाक थांबतं. तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. आता ब्रेक या विषयावर मी तासभर बोलू शकते, कोणी ऐकणार असेल तर.

अकोल्यात रेल्वे लाइनच्या पलीकडे एका चाचांचं गॅरेज आहे. साठीचा माणूस, पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी. मोठ्या गाड्यांचं काम करणारा त्या भागात दुसरा कोणी नाही. त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन मीच केलेलं, त्यामुळे मला नाही म्हणायची त्यांची सोय नव्हती. मी ऑपरेशनं उरकून दुपारी तिथे पोचले.

"डॉक्टर बाई, उजवं चाक पकडून नाही राह्यलं," चाचा एक चक्कर मारून येऊन म्हणाले. "डावं पकडते. मंग गाडी डाव्याकडंच ओढन ना. त्याच्यात भूत काही नाही."

"भूत कोण म्हणालं?"

"तुमचं तोंड म्हणून राह्यलं."

चाचा चाकाजवळ उकिडवे बसले, दांड्यांमधून आत बघितलं आणि थोडा वेळ तसेच राहिले. मग मान वर करून म्हणाले, "गाडीची पूजा केलेली दिसते."

"बाबा करतात," मी म्हटलं. मला वाटलं, दसऱ्याच्या हाराचा सुकलेला दोरा कुठे लटकत असेल.

"मंग चाकाले हात लावू ना?"

"नाही तर काय पायानं काढणार आहात?" मी खेकसले. उपाशी होते, डोकं दुखत होतं.

चाक निघालं. पॅड अर्धे शिल्लक होते, पण त्यांच्यावरून चाचांनी नख ओढलं तर ते नुसतं सरकत गेलं. "काच चढली याच्यावर. घासतच नाही, घसरते." मग त्यांनी मला पॅडच्या जाती सांगितल्या. एक कंपनीचे, ते नागपूरहून मागवावे लागतील. एक लोखंडाच्या भुकटीचे, पकडतात पक्के, पण काळी धूळ भल्ली उडवतात आणि थंडीत किंचाळतात. आणि एक सिरॅमिक, धूळ नाही, आवाज नाही. मी सिरॅमिक निवडले. आवाज न करणाऱ्या वस्तू मला आवडतात; माणसंही.

"आता शंभर-दीडशे किलोमीटर हळूहळू दाबा," चाचा हात पुसत म्हणाले. "नवी सून हाये. पहिल्याच दिवशी सगळ्या घरचा सैपाक सांगू नका."

परत येताना गाडी दोरीत गेल्यासारखी सरळ आली. फाट्यावर मी मुद्दाम दोनदा ब्रेक दाबून पाहिला. काही नाही. वास नाही, ओढ नाही. घरी आले तर बाबा फाटकाशीच उभे.

"आली का? घाट कसा होता?"

"घाट नाही बाबा. अकोल्याच्या रस्त्याले कुठी आला घाट?"

"हां हां," ते हसले. खोटं बोलणाऱ्या पोराला मोठ्या माणसानं सांभाळून घ्यावं, तसे.

इथे बाबांचं सांगायला हवं. बाबा तीस वर्षं एसटीच्या लाल गाडीवर ड्रायव्हर होते, बरीचशी परतवाडा-धारणी लाइनवर. मेळघाटातला तो रस्ता ज्यांनी पाहिला त्यांनाच कळेल, तीस वर्षांत एकही अपघात नाही म्हणजे काय. लोक त्यांच्या हाताला मानत. बाबा हाताचं नाव घेत नसत. रोज पहाटे गाडी काढायच्या आधी पुढच्या उजव्या चाकाला ते जवसाच्या तेलात कालवलेला शेंदूर एक बोट लावत आणि पुटपुटत, "सांभाळ रे बाप्पा." कारण विचारलं तर एकच सांगत, चाक आहे म्हणून गाडी आहे. त्यांचं उजव्या हाताचं मधलं बोट कायम केशरी असे. रिटायर झाल्यावरही असे, कारण खोलीतल्या मारुतीच्या तसबिरीला ते रोज शेंदूर लावत. आम्ही पोरं त्या बोटाला इतकी सरावलो होतो की ते दिसतच नसे.

धाकट्यानं पुढे धारणी लाइनवरच प्रवासी जीप टाकली. बाबा रोज पहाटे उठून त्याच्या जीपलाही बोट लावत. मी जीप चालवायला शिकले ती त्याच्याकडूनच. तो डावीकडे बसायचा, आणि मी जरा वेग धरला की हसत हसत एका हातानं स्टिअरिंग स्वतःकडे ओढायचा. "घाबरली का ताई? सांग, घाबरली का?" मी एकदा त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की दोन दिवस त्याला टेकून बसता आलं नाही.

एका संध्याकाळी बाबांचं आणि त्याचं वाजलं. जीपच्या टपावर माणसं भरतो म्हणून बाबा बोलले, आणि तो उलटून म्हणाला, "बाबा, तुमच्या शेंदरानं गाडी नाही चालत. मी चालवतो." दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा उठले नाहीत. जीप गेली. दुपारी ती घाटाच्या एका वळणावरून खाली गेली. परत येत होता, रिकामा, एकटाच. ब्रेक लागला नाही, असं पोलिसांनी सांगितलं. बाबा त्या दिवसाबद्दल कधी एक शब्द बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. आमच्या घरात मोठा आवाज भरपूर, बोलणं कमी.

आता पुन्हा गाडीकडे. नव्या पॅडवर पंधरा दिवस बरे गेले. जानेवारीत एका शुक्रवारी मी साडेसहाला निघाले तेव्हा बाबा फाटक उघडून उभे होते. त्यांना सांभाळणाऱ्या मावशी आठला येतात; तोवर ते आणि ते फाटक. मी काच खाली केली.

"सांभाळून जाजो," बाबा म्हणाले. "गाडीचं झालं सगळं. अन् त्याले पुढंच बसू दे. मागं बसलं का त्याले मळमळते."

"कोणाले?"

"धाकट्याले, अजून कोणाले."

मला संताप आला. खरं म्हणजे रडू आलं, पण माझं रडू नेहमी संतापाचे कपडे घालून येतं. "बाबा, धाकटा नाही आता! मी एकटीच चालली!" मी ओरडले, आणि शेजारच्या घराची खिडकी उघडली. बाबा म्हणाले, "बरं बरं," आणि माझ्या पलीकडे, डाव्या सीटकडे बघून मान डोलावली. कोणाला तरी निरोप द्यावा तशी.

बडनेरा गेलं, लोणी गेली. फाट्याच्या अलीकडे एक म्हैस रस्त्यावर आली. मी ब्रेक दाबला आणि गाडी डावीकडे. या वेळी जास्त जोरात. चाक खडीवर उतरलं, दगड खालून ताडताड आपटले. म्हैस शांतपणे निघून गेली. आणि पुन्हा तो वास, तेल, शेंदूर. मी काच उघडली, बाहेर डोकं काढलं, तरी येतच होता.

चाचांवर मी ते तोंडसुख घेतलं की गॅरेजातलं दुसरं गिऱ्हाईक चहा अर्धा टाकून निघून गेलं. सिरॅमिक म्हणे! चाचांनी पॅड काढले. पंधरा दिवसांत पुन्हा काच चढलेली, तीही फक्त उजव्या चाकावर. ते पॅड हातात उलटेसुलटे करत राहिले. "माल खराब लागला असन," ते म्हणाले, पण डोळे वेगळं सांगत होते. डोळ्यांचं मला कळतं. मग नागपूरहून कंपनीचे पॅड आले, झिजल्यावर डॅशबोर्डवर दिवा लावणाऱ्या तारेसकट. चाचांनी ते बसवले, थाळी पॉलिश पेपरनं घासली, स्वतः गाडी चालवून पाहिली. गाडी सरळ. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, हे तेव्हा कोणाला कळावं!

खरं सांगते, त्या महिन्यात मला झोप लागेनाशी झाली. दोन्ही वेळा जागा एकच, ओढ एकाच बाजूची, वास एकच. मोतीबिंदू काढताना माझा हात कधी हलत नाही. त्या दिवसांत मी सुरी धरण्याआधी मुठी दोनदा आवळून सोडत असे. बसनं जावं असंही मनात आलं. पण अकोल्याहून परतायला उशीर होतो आणि मावशी सहाला जातात. गाडी सोडली तर बाबा अंधारात एकटे. गाडी धरली तर कदाचित कायमचे एकटे. मी गाडीच धरली.

तिसरी वेळ फेब्रुवारीतली. लोणीच्या पुढे गाडी टिंग टिंग वाजायला लागली. शेजारच्या सीटवर माणूस बसला आणि पट्टा लावला नाही तर वाजते, तशी. सीटवर पर्स होती म्हणून मी ती उचलून खाली ठेवली. टिंग टिंग चालूच. सीट रिकामी, काळी, चकचकीत. मी तिच्यावरून हात फिरवला. थंड होती. "बस झालं हं आता!" मी मोठ्यानं म्हटलं, लहानपणी म्हणत असे त्याच आवाजात, आणि माझाच आवाज ऐकून माझ्या अंगावर काटा आला. त्याच तंद्रीत फाटा आला. समोर शाळेची व्हॅन उभी होती, लेकरं चढत होती. मी ब्रेक दाबला. गाडी डावीकडे, लेकरांच्या बाजूला. मी सगळं अंग टाकून स्टिअरिंग उजवीकडे ओढलं, हँडब्रेकचं बटण खेचलं, आणि गाडी व्हॅनच्या मागे आडवी थांबली. एका मुलीच्या हातातली पाण्याची बाटली पडली होती. ती बाटली उचलून माझ्याकडे बघत राहिली. टिंग टिंग थांबलं. वास आला.

मी तिथून अकोल्यापर्यंत चाळीसच्या वर गेले नाही. ऑपरेशनं रद्द केली आणि सरळ गॅरेजात जाऊन म्हटलं, "चाचा, आज माझ्यासमोर चाक काढायचं. मी इथून हलणार नाही."

चाक निघालं. मी चष्मा चढवून वाकले. थाळीवर, पॅड घासतात त्या पट्ट्याच्या अगदी आतल्या कडेला, रुपयाएवढा केशरी डाग होता. थरावर थर. त्याचे ओघळ त्या पट्ट्यावर पसरून पिवळट, कडक, चकचकीत झाले होते. चाचांनी चिंधी घेतली आणि सगळी थाळी पुसली. त्या डागाभोवतीनं अलगद वळून पुसली, डाग तसाच ठेवून.

"ते काय आहे?" मी विचारलं.

"थे? थे तर तुमचंच हाये. पहिल्या दिवसापासून हाये."

"मग पुसलं का नाही?"

चाचांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी काही भलतंच विचारलं. "देवाचं हाये ना, डॉक्टर बाई. तुमी म्हटलं, बाबा पूजा करतात. मी मुसलमान माणूस, तुमच्या देवाचा शेंदूर मी कसा पुसू? पेपर मारला थोही तेवढी जागा सोडूनच मारला. चाकाले हात लावू का म्हणून तुमाले विचारूनच लावला होता."

मला खाली बसावं लागलं. त्यांनी तेलाचा डबा उलटा करून दिला, त्यावर बसले. चाचांनी मग पहिल्यांदाच त्या डागाला बोट लावलं, नाकाशी नेलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. "अलसी," ते म्हणाले. जवसाचं तेल. "आमचे अब्बा फर्निचरले पालिश करत. अलसी उन्हात ठेवली का चिकट होते, अन् तापली का काच होते. या अल्ला. वासावरून मले पहिल्याच दिवशी कळाले पायजे होतं. पण मी थिकडं नाकच नेलं नाही. अदब केला मी." ते पॅडकडे बघत होते. "अदब करता करता तुमाले मारलं असतं."

फाटाच का, तेही त्यांनी सांगितलं. गावात आपण हळू असतो, ब्रेक नुसता टेकवतो. पुढे मोकळा रस्ता. पहिला जोराचा ब्रेक फाट्यावरच लागतो. थाळी तापते, तेल जळतं, वास निघतो. आणि टिंग टिंग? "सीटच्या आत सेन्सर असते. धुक्याची ओल लागली असन," चाचा म्हणाले, पण ते थाळीकडे बघत म्हणाले.

काखेत कळसा अन् गावाला वळसा. दुसऱ्यांचे डोळे उघडणारी बाई मी, आणि बापाचं केशरी बोट मला दिसलं नाही. गाडी मी रोज डावी बाजू भिंतीला लावून उभी करते. मोकळं राहतं ते उजवं चाक. आणि लाल गाडीत काय, जीपमध्ये काय, त्यांच्या हिशेबी ब्रेक चाकाच्या पोटात, लोखंडी डब्यात बंद असायचा. बाहेरून काही लावा, त्याला काही होत नसे. पण माझी चाकं काळी. काळं म्हणजे अशुभ, त्यावर बाबा शेंदूर कधीच लावणार नाहीत. म्हणून दांड्यांमधून हात घालून, जे चमकतं त्याला लावत होते.

चाचांनी पुढच्या दोन्ही चाकांच्या थाळ्या नव्या टाकल्या, पॅड तिसऱ्यांदा नवे. जुनी थाळी त्यांनी पोत्यात गुंडाळून माझ्या डिकीत ठेवली. "ही तुमची तुमी पाहा," म्हणाले. "मी भंगारात नाही देऊ शकत."

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मी अंगणातल्या पायरीवर बसून होते. रागानं भरलेली. सगळं ठरवून आले होते: आधी ओरडायचं, मग शेंदराचा डबा फेकायचा, मग त्यांच्या खोलीला बाहेरून कडी. बाबा बाहेर आले, हातात पितळी वाटी. अंगात जुना खाकी स्वेटर. गुडघे कुरकुरत ते चाकाजवळ बसले. पहाट नुसती फटफटत होती. त्यांनी काळ्या दांड्यांतून हात आत घातला आणि चाकाशी बोलायला लागले.

"जागाच होतो मी त्या दिवशी," ते म्हणाले. "तू जीप काढली थे ऐकलं. दोनदा सेल मारला तू. मले माहीत होतं तू थांबला, म्हणून तर दोनदा मारला. पण मी नाही उठलो. अकड होती बापू." हात तसाच आत. "आता पाय, रोज उठतो. एक दिवस नाही सोडला."

माझा सगळा राग कुठे गेला, मला सांगता येणार नाही. एवढंच कळलं की हा शेंदूर तुमच्या पोरीला मारत होता, हे या माणसाला मी कधीही सांगू शकत नाही. सांगितलं तर त्यांनी दोन्ही लेकरं मारली असं होईल. आणि नाही सांगितलं तर ते उद्याही लावतील, परवाही.

मी उठून त्यांच्याजवळ बसले. त्यांनी अंधारात माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोक्याला मफलर होता.

"आला का?" ते हळूच म्हणाले. "रागावला नाहीस ना?"

आयुष्यात मी बाबांशी खोटं बोलले नव्हते. तोंडावर बोलायची म्हणून तर आमचं कधी पटलं नाही. "नाही बाबा," मी म्हटलं. "अन् तुमी लावला होता त्या दिवशी. मी पाह्यलं. तुमीच विसरले."

मग नाक ओढल्याचा आवाज आला. "लावला होता का?"

"लावला होता."

मी डिकीतून पोतं आणलं आणि जुनी थाळी पायरीवर ठेवली. "बाबा, या गाडीची पूजेची थाळी कंपनीनं वेगळी देल्ली. इथं लावा, चाकाले पोचते." तीस वर्षांचा ड्रायव्हर तो, सहजासहजी थोडाच ऐकतो. त्यांनी थाळी उचलून वजन पाहिलं, बोटाच्या पेरानं ठोकून आवाज ऐकला. "असली हाये?" "असली." "मंग बरं. वाकणं वाचलं," असं म्हणून त्यांनी जुन्या डागावरच बोट टेकवलं. मी रुमालानं नवी थाळी पुसून घेतली, त्यांना न दिसेल अशी.

पुढच्या मंगळवारी निघताना बाबा नेहमीसारखे फाटकाशी आले. पण ते माझ्याकडे आले नाहीत. भिंतीकडून गाडी बाहेर निघाल्यावर ते डाव्या बाजूला गेले, काचेवर बोटानं टकटक केलं. मी काच खाली केली.

"बसला का नीट?" त्यांनी रिकाम्या सीटला विचारलं. मग मला म्हणाले, "त्याले पट्टा लाव वं. नवीन गाडीत पट्टा लागते."

मी ओरडले नाही. हात लांबवला, पट्टा ओढला आणि रिकाम्या सीटवरून घेऊन खटकन लावला. बाबांनी मान हलवली आणि फाटक धरून उभे राहिले.

त्या दिवशी धुकं नव्हतं. बडनेरा, लोणी, मोकळा रस्ता. टिंग टिंग नाही. फाट्यावर कडब्याची बैलगाडी आडवी आली, आणि मी ब्रेक पूर्ण दाबला. गाडी सरळ थांबली. एक इंचही डावीकडे गेली नाही, आणि वासही आला नाही. फक्त शेजारचा पट्टा माणूस पुढे झुकल्यावर ताणतो तसा ताणला गेला, क्षणभर तसाच राहिला, आणि मग हळूच सैल झाला.

"घाबरला का रे?" मी विचारलं, आणि बैलगाडी जाईपर्यंत तिथेच थांबले.